वहीतल्या अनोळखी कॉर्ड्सना नावं लावण्याचं काम: प्रकल्प नोंदी

६ जून २०२५

वहीचं काम शेवटी हातात घेतलं. गिटारवर बोटं फिरवताना जे काही बरं वाटलं ते वर्षानुवर्षं एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवलंय, पण उतरवलंय म्हणजे काय तर सहा आकडे आणि शेजारी मनाला येईल ते नाव. 'घाटातली', 'करंगळीवाली', 'अर्धवट डी', 'ही नको' (आणि तीच सगळ्यात जास्त वापरलीये). एकट्याने वाजवत होतो तोवर चाललं हे. आता कवितांना चाली लावतोय त्या ग्रुपमध्ये कीबोर्डवर आणि बेस गिटारवर माणसं आलीत, त्यांना 'घाटातली घे' म्हटल्यावर काय कळणार. कीबोर्डवाला तर सरळ म्हणाला, तुझे आकडे माझ्या काय कामाचे, स्वर दे नाहीतर नाव दे.

तर काम एवढंच की वहीतल्या प्रत्येक शेपला (बोटांच्या ठेवणीला, म्हणजे त्यातून निघणाऱ्या कॉर्डला, एकदम वाजणाऱ्या स्वरांना) असं नाव लावायचं जे वाचून दुसऱ्या वाद्यावरचा माणूस बरोबर तेच वाजवेल. नाव पुस्तकात सापडतं का हा मुद्दा दुय्यम.

लिहायची पद्धत: जाड तारेकडून बारीक तारेकडे सहा आकडे, ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही. स्वर काढायला एक्सेलमध्ये शीट केली. सी म्हणजे ०, सी शार्प १, असं करत बी ११ (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली). मोकळ्या तारा ई ए डी जी बी ई म्हणजे ४, ९, २, ७, ११, ४. त्यात फ्रेटचा (दांडीवरच्या ज्या पट्टीत बोट दाबलंय तिचा) आकडा मिळवायचा, बारा किंवा वर गेलं की बारा वजा. सहा आकडे टाकले की स्वर समोर. वहीची पहिली काही पानं आजच उरकली.

८ जून

सोप्या आधी काढून टाकतोय. × ३ २ ० ३ ० म्हणजे सी, ई, जी, डी, ई. सी मेजर (सी, ई, जी) अधिक डी, जो सी पासून मोजत गेलं की नववा येतो, म्हणून सी ॲड नाइन. × ३ २ ३ ३ × म्हणजे सी, ई, बी फ्लॅट, डी. ही सी नाइन. दोन्हीत डी आहेच, पण नुसतं 'नाइन' लिहिलं की मधला सेव्हन्थ, म्हणजे कोमल नी, गृहीत असतो, आणि तो नसेल तर 'ॲड' लिहायचं. हे कीबोर्डवाल्याला लिहून द्यायलाच हवं कारण 'सी नाइन' वाचून तो कोमल नी घालणारच आणि शांत अंगाईसारख्या चालीत एकदम ब्लूज शिरणार.

दुसऱ्या कॉर्डमध्ये जी नाहीये, म्हणजे पंचमच गायब. तरी नाव सी नाइनच राहतं. फिफ्थ असला नसला तरी फरक पडत नाही, कॉर्डचा स्वभाव थर्ड (गंधार, शुद्ध असला तर मेजर, कोमल असला तर मायनर) आणि सेव्हन्थ ठरवतात. गिटारवर हे बरंच आहे, बोटं चार आणि तारा सहा, काहीतरी सोडायलाच लागतं आणि सोडायचाच तर पंचम सोडावा.

आणि × ० २ ० १ ०. ए, ई, जी, सी, ई. ए मायनर सेव्हन, पहिल्या महिन्यात शिकतात ती. पण हेच चार स्वर सी पासून मोजले तर सी सिक्स होते. दोन्ही बरोबर. मी गिटारवर खाली ए वाजवतोय म्हणून ए मायनर सेव्हन लिहिलं, पण त्याच वेळी बेसवाल्याने सी धरला तर ऐकणाऱ्याला सी सिक्सच ऐकू येणार, माझ्या शीटमध्ये काहीही असो. हा प्रश्न पुढे मोठा होणार असं दिसतंय. शीटमध्ये 'बेसला काय' असा एक कॉलम वाढवला.

११ जून

आज मजा आली. वहीत एक अख्खं पान एकाच शेपचं आहे. साधी ई मेजर (० २ २ १ ० ०) घ्यायची आणि ती तीन बोटं तशीच्या तशी वर सरकवत जायची, खालचा ई आणि वरचे बी, ई मोकळे गुणगुणत ठेवायचे. गिटार शिकणारं प्रत्येक पोर हे कधी ना कधी शोधून काढतं आणि आपण काहीतरी नवीन शोधलं असं त्याला वाटतं, मलाही वाटलं होतं. आता नावं:

० ३ ३ २ ० ० म्हणजे ई, सी, एफ, ए, बी, ई. एफ मेजर, त्यात ई म्हणजे मेजर सेव्हन आणि बी म्हणजे शार्प इलेव्हन. एफ मेजर सेव्हन शार्प इलेव्हन, बेसला ई. ही इथून सरळ ई मेजरवर उतरते, स्पॅनिश फ्लामेंको गिटारचा तो ओळखीचा रंग याच दोन कॉर्ड्समध्ये आहे. आपल्या भाषेत कोमल रे वरून सा वर येणं.

० ५ ५ ४ ० ० म्हणजे ई, डी, जी, बी. ई मायनर सेव्हन. काहीच विशेष नाही, पण आवाज उघडा लागतो कारण एकच बी दोन तारांवर वाजतोय.

० ७ ७ ६ ० ० म्हणजे ई, ए, सी शार्प, बी. ए ॲड नाइन, बेसला ई.

० ९ ९ ८ ० ० इथे खरी गंमत. ई, एफ शार्प, बी, डी शार्प. बी मेजर आहे पूर्ण, त्यावर ई वर खाली दोन्हीकडे. म्हणजे बी ॲड इलेव्हन, बेसला ई? का ई मेजर नाइन, ज्यात थर्डच नाही? ई पासून मोजलं तर नाइन्थ, फिफ्थ, मेजर सेव्हन्थ सगळं जागेवर, फक्त गंधार नाही. दोन्ही वाजवून ऐकलं. गाण्यात ही कॉर्ड ई वर परत यायच्या आधी येते, कान तिला ताणलेली ऐकतो, म्हणून बी चं नाव लिहिलं. गाणं तिथेच संपत असतं तर ई चं लिहिलं असतं.

म्हणजे तीच तीन बोटं, तोच शेप, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं खानदान. शेपला नाव नसतंच, जागेला असतं.

१५ जून

० ७ ६ ७ ८ ×. ही वहीत 'हेंड्रिक्स' म्हणूनच लिहिलेली होती, जगभर तिला तेच म्हणतात, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या 'पर्पल हेझ' गाण्यामुळे. खरं नाव ई सेव्हन शार्प नाइन. स्वर ई, जी शार्प, डी, जी. त्याच्या आधीही जॅझ आणि ब्लूजमध्ये ही वाजत होतीच पण नाव त्याचं चिकटलं.

बेसवाल्याने विचारलं की जी आणि जी शार्प दोन्ही आहेत तर मेजर का मायनर, आणि जी ला सरळ मायनर थर्ड का नाही म्हणत, शार्प नाइन कशाला. प्रश्न रास्त आहे. कॉर्डचं स्पेलिंग एक अक्षर सोडून एक असं चालतं: ई, जी, बी, डी, एफ. जी या अक्षराची जागा जी शार्पने घेतलीये, आता दुसऱ्या स्वराला उरलेल्या अक्षरांतलं बसवायचं तर तो एफ च्या घरात जातो, एफ डबल शार्प. वाजतो जी सारखा, कागदावर मात्र नाइन्थ वाढवलेला. प्रत्यक्षात सगळे जी च लिहितात, डबल शार्प वाचत बसायला कुणाला वेळ आहे.

मला स्वतःला हे दुसऱ्या बाजूने लवकर पटलं. सा, शुद्ध ग, कोमल ग, कोमल नी. दोन गंधार आणि कोमल निषाद म्हणजे जोग. जोगमध्ये चढताना शुद्ध ग आणि उतरताना कोमल, एकाला दुसऱ्याची वाट बघायला लागते, इथे दोघं एकदम दारात उभे. ती जी चरचर ऐकू येते ती त्याचीच.

१९ जून

आजची नोंद लांबणार आहे.

वहीत एक पान नुसतंच ० ० ० ० ० ०. म्हणजे काहीच न दाबता सहाही तारा. शेजारी लिहिलंय 'नाव?' आणि पुढे कोरं. ही तर रोज ऐकतो आपण, गिटार खांद्यावरून काढताना हात लागला तरी ऐकू येते, आणि तिला नाव काय?

स्वर पाच: ई, ए, डी, जी, बी. जी पासून मोजलं तर जी सिक्स नाइन. ई पासून ई मायनर सेव्हन ॲड इलेव्हन (नुसतं ई मायनर इलेव्हन म्हणायला एफ शार्प हवा, तो नाहीये). ए पासून ए नाइन सस फोर (सस फोर म्हणजे थर्ड नाही, त्याच्या जागी चौथा स्वर). डी पासून डी सिक्स नाइन सस फोर, हे वाचतानाच दमायला होतं. आणि बी पासून बी मायनर सेव्हन शार्प फाइव्ह ॲड इलेव्हन, हे मी कुणाला लिहून दिलं तर तो गिटार माझ्याच डोक्यात घालेल.

संध्याकाळी तालमीला पेटीवाले काका होते. त्यांना कॉर्ड बिर्डशी देणंघेणं नाही पण शीट बघून म्हणाले, "एवढी नावं कशाला रे, सा कुठे धरलायस ते सांग." मी म्हटलं, काका तेच तर ठरत नाहीये. मग त्यांनी पेटी ओढली आणि म्हणाले, तू सगळ्या तारा छेडत राहा नुसता.

पांढरी पाचला सा धरला, म्हणजे जी. सा रे ग प ध. भूप. मग काहीच न बदलता पांढरी सहाला सा मानून गायले, सा रे म प आणि कोमल नी, मधमाद सारंग. पांढरी दोनला सा रे म प ध, दुर्गा. पांढरी तीनला सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. आणि शेवटी पांढरी सात, बी, सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस! माझ्या गिटारवर एक बोट नाही, तेच पाच स्वर, आणि काकांनी सा हलवला की खोलीतली हवाच बदलत होती. मूर्च्छना म्हणतात याला, भूपातून मालकंस निघतो हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, मलाही ऐकून माहीत होतं, पण तो माझ्या गिटारच्या मोकळ्या तारांवर बसलाय हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

(राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, चलन लागतं, वादी संवादी लागतात, हे मला मान्य आहे. काकांनीही दोनदा बजावलं. इथे फक्त स्वरांपुरतं बोलतोय.)

म्हणजे कॉर्डचं नाव ठरवणं म्हणजे सा कुठे ते ठरवणं. पाश्चात्त्य लोक रूट म्हणतात त्याला. स्वर मोजून रूट मिळत नाही, तो खाली बेसला काय चाललंय आणि आधी नंतर काय येतंय त्यावरून कानात बसतो. तंबोरा लागलेला असला की भांडणच नाही, इथे तंबोऱ्याचं काम बेस गिटार करते आणि ती सारखी जागा बदलते, भांडण सगळं त्यामुळे.

जाता जाता, खालच्या पाच तारा, ई ए डी जी बी, म्हणजे अगदी तोच आवाज जो १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या माइल्स डेव्हिसच्या अल्बममध्ये बिल इव्हान्स पियानोवर वाजवतो, 'सो व्हॉट' मध्ये बेसने प्रश्न विचारल्यावर येणारं ते दोन कॉर्डचं उत्तर. खालून तीन वेळा चौथा स्वर आणि वर एक मेजर थर्ड, गिटारचं ट्युनिंगच तसं आहे. दुसरी कॉर्ड तीच, एक पूर्ण स्वर खाली. याला जॅझवाले 'सो व्हॉट कॉर्ड' म्हणूनच मोकळे होतात. सा वर एकमत होत नसेल तर गाण्याचं नाव द्या, हाही एक मार्ग.

शीटमध्ये लिहिलं: जी सिक्स नाइन, कारण आमच्या गाण्यात ती जी वर येते.

२० जून

कालच्या नादात अजून दोन. × ३ २ २ ३ ३ म्हणजे सी, ई, ए, डी, जी. सी सिक्स नाइन, भूपाचे पाचही स्वर, एकही जास्त नाही. × ३ २ ४ ३ ० म्हणजे सी, ई, बी, डी, ई. सी मेजर नाइन, हंसध्वनीतला पंचम सोडून सगळं. काकांना ही नावं लगेच पाठ झाली, 'भूपवाली' आणि 'हंसध्वनीवाली'. कीबोर्डवाला वैतागला, मी सहा महिने घालवून सिक्स नाइन शिकलो म्हणे.

२४ जून

बेसवरून वाद चालूच होता म्हणून जगातल्या सगळ्यात जास्त चर्चा झालेल्या कॉर्डवर एक संध्याकाळ घालवली. बीटल्सचं १९६४ चं 'अ हार्ड डेज नाइट', सुरुवातीचा तो एकच ठोका. गाणं सुरू व्हायच्या आधीच ओळखू येतं. आणि ती कॉर्ड नक्की कुठली यावर लोक अनेक दशकं भांडले.

बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन बारा तारांची रिकनबॅकर गिटार वाजवत होता. २००१ मध्ये चाहत्यांशी ऑनलाइन गप्पा मारताना त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की एफ, वर जी ठेवून, आणि बेसचं काय ते पॉलला (मॅकार्टनीला, बेस तो वाजवायचा) विचारायला लागेल. गिटारवर ते × × ३ २ १ ३, एफ, ए, सी, जी, म्हणजे एफ ॲड नाइन. घरी एकट्याने वाजवून बघा, जवळपास वाटतं पण 'ते' वाटत नाही. आमच्या बेसवाल्याला खाली डी द्यायला लावला आणि दोघं एकदमच हसलो, कारण लगेच ते आलं. डी, एफ, ए, सी, जी. आता ही एफ राहिलीच नाही, डी मायनर सेव्हन ॲड इलेव्हन झाली. शिवाय बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचा पियानोही आत आहे. २००४ मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक जेसन ब्राउन यांनी त्या आवाजाचं फूरिये विश्लेषण करून आतल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढल्या आणि त्यांचाही निष्कर्ष असा की पियानो धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

हॅरिसनला 'तू काय वाजवलंस' विचारलं तर उत्तर एफ ॲड नाइन. 'काय ऐकू येतं' विचारलं तर डी वालं. दोन प्रश्न, दोन नावं, आणि आमचं शीट दोन्ही एका कॉलममध्ये कोंबत होतं. आजपासून दोन कॉलम, 'गिटारवर काय' आणि 'सगळ्यांचं मिळून काय'. कीबोर्डवाल्याने आणि बेसवाल्याने फक्त दुसरा बघायचा.

२९ जून

हाताने मोजायचा कंटाळा आला म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. कल्पना साधी आहे. बारा स्वर म्हणजे बारा खाने, आहे किंवा नाही. एकूण शक्यता दोनचा बारावा घात, ४०९६. पट्टी बदलली तरी कॉर्ड तीच असं धरलं तर उरतात ३५२, त्यातही एक म्हणजे शांतता. म्हणजे जगातल्या सगळ्या कॉर्ड्स, कितीही विचित्र असोत, ३५२ च्या आत. हे कळल्यावर जरा धीर आला.

प्रोग्रॅम प्रत्येक स्वराला आळीपाळीने सा मानतो, बाकीचे त्यापासून किती अंतरावर ते मोजतो आणि माहीत असलेल्या नावांशी जुळवतो. सगळ्यात खालचा स्वरच सा असेल तर जास्त गुण, थर्ड हजर असेल तर गुण, नावाला जितकी शेपटं तितके गुण कमी. मग जास्त गुणांचं नाव वर.

बऱ्यापैकी चालतो. पण × × १ २ १ २ टाकलं तर चार नावं बरोबरीत. स्वर डी शार्प, ए, सी, एफ शार्प, प्रत्येकात तीन तीन अर्ध्या स्वरांचं अंतर, कुठूनही मोजा चित्र तेच. डिमिनिश्ड सेव्हन्थ. नावं बारा लिहिता येतात पण वेगवेगळ्या आवाजाच्या फक्त तीनच आहेत. ऑगमेंटेडचंही तसंच, बारा नावं आणि चार कॉर्ड्स. इथे प्रोग्रॅमचा काही दोष नाही, त्याला पुढची कॉर्ड माहीत नाही. पुढे जी येत असेल तर एफ शार्प डिमिनिश्ड लिहायचं, कारण एफ शार्प अर्धा स्वर वर चढून जी ला टेकतो आणि बेसवाल्याला तेच वाजवायचंय. म्हणून आता प्रोग्रॅम पुढच्या कॉर्डचा रूट पण विचारतो, त्यात अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जाऊन मिळणाऱ्याला ज्यादा गुण.

नियम ठरवला: एका दमात म्हणता आलं नाही तर ते नाव नाही. ॲड, नो, फ्लॅट, शार्प अशी दोनापेक्षा जास्त शेपटं लागली की स्लॅश कॉर्ड लिहायची.

३ जुलै

स्लॅश म्हणजे वरती एक साधी कॉर्ड आणि खाली बेसला वेगळा स्वर. × ० ५ ४ ३ ३ घ्या. ए, जी, बी, डी, जी. प्रोग्रॅम म्हणतो ए नाइन सस फोर, बरोबरच आहे, पण 'जी, खाली ए' लिहिलं की कीबोर्डवाल्याचा उजवा हात जी मेजर, डावा हात ए, विषय संपला. बेसवाला तर स्लॅशच्या पुढचंच अक्षर वाचतो, त्याला वर काय चाललंय याचं सोयरसुतक नाही. घराचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' असा सांगितला तर पोस्टमन पोचतोच, सर्व्हे नंबर लागत नाही, तसंच हे.

तोटा एक आहे, स्लॅशने ती कॉर्ड कुठे जाणार ते कळत नाही. 'ए नाइन सस फोर' मध्ये पुढे डी येणार याचा वास असतो, 'जी, खाली ए' मध्ये तो नाही. म्हणून चाल समजून घ्यायची असेल तिथे पूर्ण नाव आणि फक्त वाजवून मोकळं व्हायचं असेल तिथे स्लॅश.

८ जुलै

× × ३ ४ ४ ४. एफ, बी, डी शार्प, जी शार्प. वहीत नाव नव्हतं, प्रोग्रॅमने एफ मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह म्हणून दिलं आणि बरोबर दिलं, जॅझवाले ही रोज वाजवतात, पुढे बी फ्लॅट सेव्हन आणि मग ई फ्लॅट मायनर.

पण हेच चार स्वर, याच सप्तकात, वाग्नरच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' या ऑपेराच्या सुरुवातीला येतात. १८६५ मध्ये म्युनिकला पहिला प्रयोग झाला आणि तेव्हापासून या कॉर्डवर पानंच्या पानं लिहिली गेलीयेत, तिला 'ट्रिस्टान कॉर्ड' असं स्वतःचं नाव आहे. का? कारण तिथे ती ई सेव्हनवर जाते, बी फ्लॅटचा पत्ताच नाही. वाग्नरने अक्षरं पण डी शार्प आणि जी शार्प अशी लिहिलीत, ई फ्लॅट आणि ए फ्लॅट नाही. बोटं तीच, पुढची पायरी वेगळी, म्हणून नाव वेगळं. ११ तारखेपासून जे घोळतंय तेच परत.

१२ जुलै

गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे जी शार्प. मी चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून ई चे शेप वाजवतो, माझ्या बोटांना ती ई च आहे, कीबोर्डवाल्याला जी शार्प आणि त्यानेही ट्रान्सपोजचं (पट्टी सरकवायचं) बटण दाबलेलं असलं तर त्याच्या बोटांना सी. तिघं एकाच कॉर्डला तीन नावं देतायत आणि तिघंही खरं बोलतायत.

नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये कॉर्ड अक्षरांऐवजी आकड्यांनी लिहितात, पट्टीच्या पहिल्या स्वराची १, चौथ्याची ४, पाचव्याची ५, गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. आम्ही आकड्यांऐवजी सा रे ग म घेतले. वरती 'सा = काळी ४' आणि खाली 'सा मेजर नाइन', 'कोमल रे मेजर सेव्हन', 'प सेव्हन सस'. दिसायला विचित्र आहे, कबूल, पण काका आणि कीबोर्डवाला पहिल्यांदाच एका कागदावरून वाजवत होते.

१६ जुलै

डॅडगॅड ट्युनिंगची दोन पानं उरली होती. डी ए डी जी ए डी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने हे ट्युनिंग रुळवलं. प्रोग्रॅममध्ये तारांचे आकडे २, ९, २, ७, ९, २ केले की झालं. मोकळ्या तारा म्हणजे डी सस फोर, सा म प, गंधारच नाही, ना मेजर ना मायनर. म्हणून आपली गाणी या ट्युनिंगवर इतकी छान बसतात असं मला वाटतं, गंधार गळ्यासाठी मोकळा राहतो. त्यात ० ० ४ ० ० ० केलं की एफ शार्प येतो आणि जी पण राहतो, म्हणजे गंधार मध्यम दोन्ही, म्हणून सस नाही, डी ॲड इलेव्हन. सस म्हणजे थर्डला सुट्टी, थर्ड हजर असला की सस लिहायचं नाही.

२१ जुलै

'घाटातली' शेवटपर्यंत मागे ठेवली होती. × १ ० २ ० ०. बी फ्लॅट, डी, ए, बी, ई. प्रोग्रॅमने पहिलं नाव दिलं बी फ्लॅट मेजर सेव्हन फ्लॅट नाइन शार्प इलेव्हन. नियमाप्रमाणे बाद, एका दमात होत नाही.

काकांना विचारलं. काळी पाचला सा धरला तर सा, कोमल रे, ग, तीव्र म, नी. ते लगेच म्हणाले मारव्याच्या वाटेवर आहे, मग थांबले, म्हणाले धैवत कुठाय? धैवत नाहीच, शुद्ध ध असता तर मारवा थाट, कोमल असता तर पूर्वी, आता दोन्ही दारं उघडी. संध्याकाळ आहे एवढं नक्की, असं म्हणून चहाला गेले.

मग गाण्यात ती कुठे येते ते बघितलं. लगेच पुढे ए मायनर. आणि बेस सोडून उरलेलं बघितलं तर ई, ए, बी, डी, म्हणजे सरळ ई सेव्हन सस फोर, ० २ ० २ ० ० मधलीच. ई सेव्हनची कॉर्ड ए मायनरवर जाते हे तर सगळ्यात जुनं येणं जाणं, आणि खालचा बी फ्लॅट अर्धा स्वर उतरून ए वर बसतो. मी ती इतकी वर्षं पाचव्या तारेवरून मोजत होतो कारण बोट तिथे होतं. शीटमध्ये लिहिलं: ई सेव्हन सस फोर, खाली बी फ्लॅट. काकांसाठी शेजारी पेन्सिलीने 'सा = पांढरी ६, बेसला कोमल रे'.

२६ जुलै

शीट सगळ्यांना पाठवली. तालमीत पहिली दोन गाणी कागद बघून नीट गेली. तिसऱ्यात बेसवाल्याने कागदावरचा ई न धरता बी धरला, ० ९ ९ ८ ० ० च्या खाली, आणि तेच जास्त चांगलं वाटतंय असं चौघांचं मत पडलं, त्यामुळे त्या ओळीतला स्लॅश उडवला, आता नुसती बी ॲड इलेव्हन, आणि मी जाड तार वाजवायची नाही, × ९ ९ ८ ० ०.

'ही नको' ला प्रोग्रॅम दोन नावं देतो आणि दोन्ही मला पटत नाहीत. पुढच्या गाण्यात ती कशावर जाते ते ठरलं की बघू.